कोष न फोडता नर की मादी?

त्से-त्से माशीचा कोष वरून पाहिला तर काहीच कळत नाही. गव्हाच्या दाण्याएवढा, गडद तपकिरी, टणक. आफ्रिकेत माणसांना निद्रारोग आणि गुरांना नागाना देणारी हीच ती माशी.

तिला आवरायचा एक उत्तम उपाय म्हणजे किरणोत्साराने वंध्य केलेले नर रानात सोडणे. झांझिबारचं उंगुजा बेट 1997 पर्यंत याच उपायाच्या जोरावर त्से-त्सेमुक्त झालं. पण सोडायचे फक्त नर. माद्या प्रयोगशाळेत पुढच्या पैदाशीसाठी हव्या असतात. जुन्या पद्धतीत माश्या बाहेर आल्या की थंडीने गारठवून एकेक हाताने निवडायच्या. त्यात माश्यांचे हाल व्हायचे, वेळ जायचा तो वेगळाच.

आता कोषातच निवड करता येते. आपल्याला दिसणारा प्रकाश त्या कवचातून जात नाही, पण तांबड्याच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश जातो. कॅमेऱ्यात आतले पंख दिसतात. मादीची वाढ नराच्या थोडी पुढे असते, म्हणून तिचे पंख आधी काळे पडतात. काळे पंख दिसले की मादी, नाही तर नर! कोषाला ओरखडाही नाही. मला तर हे फार सुंदर वाटतं.

तुमच्या कढीपत्त्यावर फुलपाखराचा कोष दिसला तर कृपया तो काढू नका, सोलू तर नकाच. रोज नुसतं बघा. बाहेर येण्याच्या आदल्या दिवशी बहुतेकदा पंखांचे रंग कवचातून आपोआप दिसू लागतात.