लोणारच्या काठाची लांबी किती?

लोणारचं विवर जवळजवळ वाटोळं आहे. या काठापासून त्या काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर. हिशेबापुरतं ते चोख वर्तुळ धरू. मग परीघ येतो ५.६५ किलोमीटर आणि क्षेत्रफळ अडीच चौरस किलोमीटरांहून किंचित जास्त.

क्यूजीआयएससारख्या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये हे विवर दोन तऱ्हांनी ठेवता येतं. व्हेक्टरमध्ये काठावरच्या बिंदूंचे अक्षांश-रेखांश आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा. रास्टरमध्ये रेषा नसतेच. सगळी जमीन सारख्या चौकोनांत कापलेली, आणि चौकोन विवरातला असेल तर १, नसेल तर ०. लँडसॅटच्या नेहमीच्या चित्रांत हा चौकोन ३० मीटरचा असतो.

व्हेक्टरचं रास्टर करताना पंचाईत होते ती काठावरच्या, अर्ध्या आत अर्ध्या बाहेर असलेल्या चौकोनांची. नेहमीचा नियम अगदी रोखठोक आहे: मध्यबिंदू आत, तर अख्खा चौकोन आत; नाहीतर अख्खा बाहेर. कुठे थोडी जमीन जास्त येते, कुठे थोडी सुटते, आणि शेवटी हिशेब बराचसा फिटतो. साधारण २,८०० चौकोनांत विवर भरतं आणि क्षेत्रफळ खऱ्याच्या अगदी जवळ येतं.

आता उलट जाऊ. याच चौकोनांभोवती सॉफ्टवेअरकडून पुन्हा रेषा काढून घेऊ. काठ पायऱ्यापायऱ्यांचा होतो, त्याचं काही नाही. पण परीघ मोजा: जवळपास ७.२ किलोमीटर! खऱ्यापेक्षा २७ टक्के जास्त. चौकोन फार मोठे झाले म्हणावं, तर १० मीटरचे घ्या. ७.२. एक मीटरचे घ्या. ७.२. एका सेंटीमीटरचे घेतले, पायऱ्या डोळ्यांना दिसेनाशा झाल्या, तरी ७.२ च.

या काठावरून मनातल्या मनात फेरी मारली की कारण कळतं. तिरकं पाऊल टाकायची सोयच नाही. पश्चिम टोकाहून पूर्व टोक गाठायला पूर्वेकडे एकूण १.८ किलोमीटर चालावंच लागतं, परत यायला तितकंच, उत्तर-दक्षिणेचंही तेच. पायऱ्या लहान केल्या की त्यांची संख्या वाढते, चाल तेवढीच राहते. विवराला बाहेरून घट्ट बसणाऱ्या मोठ्या चौरसाचा परीघही नेमका एवढाच! चौकोन बारीक करत जावं तसं क्षेत्रफळ सत्याला चिकटत जातं आणि परीघ ढिम्म हलत नाही, हे मला आजही अजब वाटतं.

पायऱ्या गुळगुळीत करणारी साधनं आहेत. ती कोपरे छाटून परीघ उतरवतात, पण मूळ काठ कुठून गेला होता हे त्यांनाही ठाऊक नसतं; तो अंदाजच.

विवराच्या उतारावरची गोमुख झऱ्याची पाण्याची धार तर आणखी फसवी. नकाशात ती रेषा म्हणून दिली, तर रास्टरमध्ये ३० मीटर रुंद होते. खऱ्या रुंदीचा चिंचोळा पट्टा म्हणून दिली, तर मध्यबिंदूच्या नियमात बहुतेक ठिकाणी पुसली जाते.