जिन: सुरईतला आणि बाटलीतली

हिंगणघाटच्या बाजारात उतरून 'इथं जिन कुठे आहे हो?' असं विचारलंत, तर माणूस तुम्हाला परमिट रूमकडे नाही, सरकी काढायच्या कारखान्याकडे पाठवेल. विदर्भात जिन म्हणजे जिनिंग. घोडेवाल्याला जीन म्हणजे खोगीर. जैन मंदिरात जिन म्हणजे ज्यानं स्वतःला जिंकलं तो. अरबी सुरस गोष्टींतला जिन सुरईतून धूर होऊन निघतो आणि कोळ्याच्या मानगुटीवर बसू पाहतो. आणि आमच्या मामाच्या लेखी जिन म्हणजे 'बायकांची दारू'.

हा लेख या शेवटच्या जिनबद्दल आहे आणि पूर्णपणे मामाच्या विरोधात आहे.

आधी नावाचं मिटवून टाकू. कापसाचा जिन 'इंजिन' या शब्दाचं शेपूट आहे. प्यायची जिन आली ज्युनिपर या झुडपावरून. डच लोकांनी तिला 'येनेव्हर' म्हटलं, इंग्रजांनी ऐकलं 'जिनिव्हा', आणि दोन घोट पोटात गेल्यावर एवढंही बोलवेना म्हणून उरलं नुसतं 'जिन'. स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हा शहराचा या सगळ्याशी काडीचाही संबंध नाही.

जिनचा शोध लायडनच्या सिल्व्हियस नावाच्या डॉक्टरानं लावला, असं पुष्कळ ठिकाणी छापलेलं असतं. हा गृहस्थ जन्मला १६१४ साली. आणि १६२३ साली लंडनमध्ये छापलेल्या फिलिप मॅसिंजरच्या नाटकात 'जिनिव्हा' आधीच हजर आहे. म्हणजे डॉक्टरसाहेबांनी नऊ वर्षांचे असताना भट्टी लावली असली पाहिजे. डच लोक ही गोष्ट अजूनही सांगतात. आपल्याकडेही अशा गोष्टींना तोटा नाही, त्यामुळे मी त्यांना हसत नाही.

मसाल्याचा डबा

ज्युनिपरला आपण परकी समजतो, पण आयुर्वेदात ती 'हपुषा' म्हणून आहे आणि काष्ठौषधींच्या दुकानात 'हाऊबेर' म्हणून मिळते. हिमालयात तिची झुडपं वाढतात. निळसर काळी, मिरीपेक्षा थोडी मोठी फळं. पण ती फळं नव्हेतच! पाइनच्या झाडाला जो खवल्याखवल्यांचा शंकू येतो, त्याचाच हा मांसल भाऊ. चावून बघितलं तर आधी देवदाराचं लाकूड, मग थोडा कापूर, शेवटी कडसरपणा.

या हपुषेचा स्वाद वरचढ नसेल तर युरोपात बाटलीवर 'जिन' लिहिता येत नाही. बाकी काय घालायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं, आणि मला जिन आवडते ती इथे. कारण 'बाकी'ची यादी वाचताना मला आईच्या फळीवरचा डबा दिसतो. हपुषेनंतर जिनमध्ये सर्वांत जास्त वापरला जाणारा पदार्थ कोणता? धणे! आपले साधे, भाजून कुटायचे धणे. त्यानंतर ज्येष्ठमध, दालचिनी, वेलची, जायपत्री, मिरी, लिंबा-संत्र्याच्या वाळवलेल्या साली. लंडनच्या गोऱ्या साहेबानं जन्मभर पेल्यातून गरम मसाला चाखला आणि जेवताना मात्र उकडलेल्या बटाट्यावर नुसतं मीठ घेतलं. या विसंगतीवर कुणीतरी प्रबंध लिहायला हवा.

'लंडन ड्राय' ही लंडनला बनलेलीच असावी असंही नाही. ते गावाचं नाव नसून कृतीचं आहे: सगळा सुगंध ऊर्ध्वपातनातच यायला हवा, नंतर वरून रंग-सुवास ओतायचा नाही. म्हणजे फोडणी आधी. मागाहून वरून तडका देणं मना. अशी जिन गोव्यातही करता येते, आणि करतात. २०१७ साली तिथे 'ग्रेटर दॅन' निघाली. पुढच्या वर्षी त्याच मंडळींनी हिमालयातली हपुषा वापरून, तिचंच संस्कृत नाव ठेवून 'हपुसा' काढली. तीत हळदसुद्धा आहे. त्याच २०१८ साली 'स्ट्रेंजर अँड सन्स' आली आणि दोन वर्षांत लंडनच्या स्पर्धेत अव्वल सुवर्णपदक घेऊन गेली. एवढ्या लगोलग एवढ्या जिन कशा? उत्तर अगदी व्यापारी आहे. स्कॉच म्हणवून घ्यायला तीन वर्षं पिंपात झोपावं लागतं. जिनला झोप लागत नाही. आज भट्टीतून उतरली की थोड्याच दिवसांत दुकानात.

आपल्याकडच्या बाटलीवर बहुतेक वेळा ४२.८ टक्के छापलेलं असतं. असा अर्धामुर्धा आकडा का? जुन्या इंग्रजी मोजमापात सुमारे ५७ टक्के म्हणजे पूर्ण शंभर. त्याचे पंचाहत्तर टक्के केले की ४२.८ येतात. साहेब गेला, त्रैराशिक मागे ठेवून गेला. आणि ते ५७ कुठून आलं? त्या ताकदीची दारू बंदुकीच्या दारूवर सांडली तरी ती पेट घेते, त्याहून पातळ असली तर घेत नाही, अशी ती परीक्षा. दारूची परीक्षा दारूनं! मराठीत हे वाक्य जितकं झकास बसतं तितकं इंग्रजीत बसत नाही. ५७ टक्क्यांच्या जिनला आजही 'नेव्ही स्ट्रेंग्थ' म्हणतात. मी एकदाच घेतली. कानशिलात बसल्यासारखं झालं. तोफखान्याला लागते तेवढी माझ्या जिभेला नको.

बाईचं नाव कसं लागलं

आता मामाच्या मुद्द्याकडे. अठराव्या शतकात लंडनमध्ये जिन इतकी स्वस्त झाली की गरीब वस्त्या तीत बुडाल्या. लोक तिला 'मॅडम जिनिव्हा', 'मदर जिन' म्हणायचे. १६८९ साली हॉलंडचा विल्यम इंग्लंडच्या गादीवर आला, फ्रेंच ब्रँडीवर गदा आली, घरोघरी भट्ट्या लागल्या. १७३६ साली सरकारनं परवान्याला वर्षाला ५० पौंड लावले, तेव्हा लोकांनी 'मदर जिन'ची खोटी अंत्ययात्रा काढली. दारूबंदीच्या काळातला आपला माणूस हे ऐकून मान डोलावेल.

मग डडली ब्रॅडस्ट्रीट नावाच्या एका वस्तादानं काय केलं, तर भाड्याच्या घराच्या खिडकीवर लाकडी मांजर ठोकलं. गिऱ्हाईक मांजराच्या तोंडात नाणी टाकायचं, हळूच मांजरीकडे जिन मागायचं, आणि पंजाखालच्या शिशाच्या नळीतून धार यायची. आत कोण ओततंय ते दिसायचंच नाही, मग चुगली कुणाची करणार? नाणं टाका, माल घ्या, या यंत्राची ही आजी. आपल्या रेल्वे स्टेशनांवर वजनकाटे चालायचे त्यांच्या कितीतरी आधीची.

१७५१ साली होगार्थनं 'जिन लेन' हे चित्र कोरलं. पायरीवर झिंगलेली बाई तपकीर घेतेय आणि तिच्या मांडीवरून मूल खाली पडतंय. जोडीला त्यानं 'बिअर स्ट्रीट' काढलं. तिथे सगळे गुटगुटीत आणि आनंदी. म्हणजे चित्रात वाईट बाई जिन पिते आणि चांगले पुरुष बिअर. मामाचं मत कुठून आलं ते कळलं का? तीनशे वर्षं जुना माल आहे, फक्त पुण्यात येईपर्यंत त्यावरचं लेबल गळून पडलंय.

आणि गंमत अशी की त्याच इंग्रजांच्या आरमारातले अधिकारी, दाढीमिश्यांचे बाप्ये, अंगोस्तुरा बिटरचे थेंब टाकून गुलाबी जिन प्यायचे. रंग बघून मामानं ती भाचीच्या बारशाला वाटली असती.

कोयनेल आणि टॉनिक

आजोबांच्या पिढीत क्विनाईनला 'कोयनेल' म्हणत. त्या नुसत्या आठवणीनं ते तोंड वाकडं करत. सिंकोनाच्या सालीतलं, हिवतापावरचं हेच कडू औषध साहेबानं सोड्यात आणि साखरेत घातलं, ते झालं टॉनिक. १८५८ साली लंडनच्या इरॅस्मस बाँडनं त्याचं पेटंट घेतलं. श्वेप्सनं १८७० मध्ये 'इंडियन' हे विशेषण लावून आपलं टॉनिक विकायला काढलं. जिन आणि टॉनिक एकत्र आल्याचा सर्वांत जुना सापडलेला उल्लेख १८६८ सालच्या 'ओरिएंटल स्पोर्टिंग मॅगझिन'मधला, आणि तोही हिंदुस्थानातला. प्रसंग कोणता? मलेरिया? दवाखाना? छे. घोड्यांची शर्यत संपवून निघालेली मंडळी हाका मारून मागतायत. रोगाचं निमित्त नंतर कुणीतरी चिकटवलं असावं, असा माझा दाट संशय आहे.

आजच्या टॉनिकनं हिवताप बरा होतो का? हिशेब करू. अमेरिकेत टॉनिकमध्ये लिटरमागे जास्तीत जास्त ८३ मिलिग्रॅम क्विनाईन चालतं. मोठ्या माणसाला उपचारासाठी दिवसाला दोन ग्रॅमच्या आसपास लागायचं. म्हणजे रोज चोवीसेक लिटर टॉनिक, त्यातली साखर वेगळी. डास राहील बाजूला, माणूसच फुटेल. मात्र हेच टॉनिक डिस्कोच्या जांभळ्या अतिनील दिव्याखाली धरा. क्विनाईनमुळे निळं चमकतं. घरी नोटा तपासायचा दिवा असेल तर मुलांना नुसतं टॉनिक दाखवा. विज्ञान प्रदर्शनात बक्षीस नक्की.

मुंबई नसलेली मुंबई

निळ्या बाटलीतली 'बॉम्बे सफायर' १९८७ साली बाजारात आली. तिच्यावर व्हिक्टोरिया राणी आहे, नावात मुंबई आहे, आणि ती बनते इंग्लंडात, हॅम्पशायरच्या एका जुन्या गिरणीत. गिरणी असणं हाच काय तो मुंबईशी दुवा, आणि तीही कागदाची निघाली. नावामागचा नीलमणी 'स्टार ऑफ बॉम्बे', १८२ कॅरट, तो निघाला श्रीलंकेत. सिनेनट डग्लस फेअरबँक्सनं तो मेरी पिकफर्डला दिला आणि आता तो वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये आहे. एवढ्या भानगडीत मुंबईला मिळालं काय? नाव, तेही इंग्रजी. मुंबईकराला याची सवय आहे.

मराठीचं खरं नातं भलतीकडेच आहे. जिनमध्ये लिंबाचं गोड सरबत घातलं की झालं 'गिम्लेट'. हे नाव गिम्लेट नावाच्या नौदलाच्या डॉक्टरावरून आलं असं काही म्हणतात. भोक पाडायच्या हत्यारावरून आलं असं दुसरे म्हणतात. ते हत्यार आपल्या सुताराच्या पेटीत आहे. गिम्लेटचंच झालं गिरमिट! दुसरा पेला झाला की मामा डोक्याला जे लावतो तेच.

काय काय घालतात लोक

इंग्लंडमधल्या एका जिनच्या बाटलीत साधारण ६२ लाल मुंग्यांचा अर्क असतो. बस्तरचा माणूस म्हणेल, एवढ्याच? आमची चटणी बघा. दक्षिण आफ्रिकेतली 'इंडलोव्हू' हत्तीच्या शेणातून धुऊन-वाळवून काढलेल्या वनस्पतींपासून बनते. हत्ती खातो त्यातलं बरंचसं पचवत नाही, म्हणून सुगंध शाबूत. मी चाखलेली नाही आणि चाखायची घाईही नाही. कॅनडातली 'एम्प्रेस १९०८' जांभळी असते आणि लिंबू पिळलं की गुलाबी होते. रंग कशाचा, तर गोकर्णाच्या फुलांचा. कोकणात ज्याच्या वेली कुंपणावर फुकट चढतात, त्याच गोकर्णाचा.

आणि जगात सर्वांत जास्त जिन कोण पितं? लंडन नाही. फिलिपिन्स! तिथली 'हिनेब्रा सान मिगेल' १८३४ पासूनची, खपात जगात पहिली. लेबलावर देवदूत मायकेल सैतानाला तुडवतोय. ते चित्र फर्नांदो आमोर्सोलो या त्यांच्या थोर चित्रकारानं काढलंय. तिथले लोक तीत पपनसाच्या रसाची पावडर घालून एकाच पेल्यातून आळीपाळीनं पितात. तिच्या नावाचा बास्केटबॉल संघही आहे. बायकांची दारू म्हणे!

माझं म्हणणं

जिनबाबत प्रत्येकाचा हट्ट वेगळा, आणि तो सोडू नये. माझे हे. एक भाग जिनला दोन भाग टॉनिक, जास्त नाही; भरपूर बर्फ, कारण थोडा बर्फ लवकर वितळतो आणि पेला पाणचट करतो. लिंबाची साल हवी, रस नको. काकडी कोशिंबिरीत शोभते. पानाच्या स्वादाची जिन ज्यांना आवडते त्यांनी खुशाल प्यावी, माझ्या शेजारी बसून नको. गुलकंद घातलेलीबद्दल मला बोलायचंच नाही.

टॉनिक नसेल तेव्हा दोन चमचे कोकमाचं आगळ, चिमूटभर मीठ आणि सोडा. एक त्रिफळ ठेचून टाकलं तर जीभ किंचित बधिरते आणि पुढचा घोट वेगळाच लागतो. दोन टाकली तर बांगड्याच्या आमटीत बुडी मारल्यासारखं वाटतं. चखण्याला तळलेले बोंबील. मसाला पापड नको, त्याचा कांदा जिनशी भांडतो. आणि गोव्यात मार्च ते मेपर्यंत असलात तर जिन विसरा. काजूचा उर्राक, लिम्का, उभी चिरलेली हिरवी मिरची. माणसानं एकनिष्ठ असावं, पण मोसमाला मान द्यावा.

महाराष्ट्रात जिनसाठी वय २५ पूर्ण लागतं आणि परवानाही लागतो. १९४९ चा दारूबंदीचा कायदा अजून उभा आहे, आणि त्या परवान्यावर मद्य बाळगण्याचं कारण छापील असतं: प्रकृती राखण्यासाठी. डच औषधविक्याच्या दुकानातून निघालेली जिन चारशे वर्षांनी पुन्हा औषध म्हणून कागदावर आली.

गेल्या दिवाळीत मामाला न सांगता आगळवाली जिन दिली. त्यानं पेला उजेडात धरला, लाल रंगाकडे बघितलं, वास घेतला.

"सरबत छान झालंय रे," म्हणाला, "पण माझी व्हिस्की कुठाय?"

तोपर्यंत मामीनं तिचा पेला दुसऱ्यांदा पुढे केला होता.