ओळख रायफलीची : नळीचा घसा आणि गोळीचे नाक

चेंबर संपते आणि आटे सुरू होतात, त्यांच्यामधल्या नळीच्या तुकड्याला घसा म्हणतात. पुंगळी चेंबरमध्ये बसते. तिच्या तोंडातून बाहेर आलेली गोळी घशात असते. घशाचे भाग दोन. आधी गुळगुळीत नळकांडे, मग निमुळता होत जाणारा शंकू. या शंकूत आट्यांचे कंगोरे हळूहळू वर येतात आणि गोळीला पकडतात. गोळी आट्यांत सरळ शिरली नाही, तर आट्यांचा पीळ कितीही अचूक असो, तो तिला सावरू शकत नाही.

घशाचे माप गोळीच्या टोकावरून ठरत नाही. तिची पूर्ण जाडी कुठपर्यंत टिकते, त्यावरून ठरते. बोथट गोळीची जाडी जवळजवळ नाकापर्यंत कायम असते, टोकदार गोळी बरीच मागून निमुळती होऊ लागते. म्हणून काडतुसाची लांबी सारखी असली, तरी बोथट गोळी कंगोऱ्यांना आधी टेकते. जाडी ठरलेली असल्याने वजन वाढवायचे तर गोळी लांब करावी लागते. तिला घसा आखूड पडला, तर ती पुंगळीत खोल दाबावी लागते आणि दारूची जागा जाते. नाहीतर ती कंगोऱ्यांना टेकते आणि दाब लवकर चढतो. घसा लांब आणि गोळी आखूड असेल, तर ती पुंगळीतून सुटते, पण आट्यांनी अजून धरलेली नसते. तेवढ्यात तिळभर कलली, की तशीच तिरकी आत शिरते आणि निशाण्यावर मार फाकतो.

याचे उत्तम उदाहरण आपल्याकडच्या ओळखीच्या थ्री-नॉट-थ्रीचे. तिची मार्क सहा गोळी बोथट, २१५ ग्रेनची होती. १९१० मध्ये मार्क सात आली : टोकदार, १७४ ग्रेनची. वजन घटले, पण लांबी घटली नाही. टोकात शिशाऐवजी हलके ॲल्युमिनियम भरलेले होते. पूर्ण जाडीचा भाग मात्र मागे सरकला. बोथट गोळीसाठी कोरलेला ऐसपैस शंकू तिला सैल पडू लागला. म्हणून नव्या गोळीसाठी शंकू लहान केला गेला. अशा जुन्या थ्री-नॉट-थ्रीवर, म्हणजे ली-एनफिल्ड रायफलीवर, ‘एच. व्ही.’ आणि ‘एस. सी.’ असे ठसे दिसतात. पहिला हाय व्हेलॉसिटीचा, म्हणजे नव्या गोळीच्या वेगानुसार बदललेल्या दर्शिकेचा. दुसरा स्मॉल कोनचा, म्हणजे लहान शंकूचा.

घसा कायम तेवढाच राहत नाही. जळत्या दारूची सर्वाधिक झळ त्यालाच बसते. जुन्या कॉर्डाइटमध्ये ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन असे. त्याच्या आचेने ली-एनफिल्डच्या आधीच्या ली-मेटफर्ड रायफलीचे उथळ आटे झिजत, म्हणून १८९५ मध्ये खोल आट्यांची एनफिल्ड नळी आली. झिजलेला घसा म्हणजे लांबलेला घसा.

.२२ च्या स्पर्धेच्या रायफलीत हा हिशेब सर्वांत काटेकोर असतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकले, तो प्रकार याच बोअरचा. इथे गोळी साधारण ४० ग्रेनचीच असते, त्यामुळे घसा तिच्याच बेताने आखूड कोरता येतो. बोल्ट बंद करतानाच शिसे कंगोऱ्यांत रुतते. न झाडलेले काडतूस बाहेर काढून उजेडात फिरवले, तर गोळीच्या पुढच्या भागावर कंगोऱ्यांचे बारीक वळ दिसतात.

आता एका वाचकाची शंका : पीकसंरक्षणाच्या परवान्यावरच्या .३१५ रायफलीत हलकी, टोकदार गोळी का नको? हे काडतूस मूळचे ऑस्ट्रियन ८ मिलिमीटर मानलिखर. त्याची नेहमीची गोळी २४४ ग्रेनची आणि बोथट. घसा तिच्याच मापाचा. हलकी, टोकदार गोळी त्यात कंगोऱ्यांपर्यंत पोचण्याआधी बरेच अंतर मोकळी धावेल. वेग वाढेल, नेम जाईल.