मीटर टाका!

संपादकांनी मुंबईच्या टॅक्सीवर लेख मागितला तेव्हा त्यांच्या मनात पद्मिनी होती. साहजिकच आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये तयार झालेल्या या गाडीनं मुंबईच्या कित्येक पिढ्या वाहिल्या. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली. वीस वर्षांची मुदत भरली आणि 30 ऑक्टोबर 2023 पासून ती रस्त्यावरून उतरली. स्टिअरिंगला लागून असलेला गिअरचा दांडा, पुढचं सलग आसन, टपावरचा कॅरियर यांबद्दल तेव्हा भरभरून लिहून झालं. त्यात भर घालण्यासारखं माझ्याकडे काही नाही. टॅक्सीचा विचार करताना माझं लक्ष जातं ते तिच्या मीटरकडे. गाड्या बदलल्या, इंधन बदललं, चालकांच्या पिढ्या बदलल्या, मीटर मात्र राहिला. अनोळखी माणसाशी घासाघीस न करता त्याच्या गाडीत बसता येतं हा भरवसा त्या पेटीनं शहराला दिला. तो भरवसा आज धोक्यात आहे, म्हणून हा लेख.

इतिहास थोडक्यात. घोड्याच्या व्हिक्टोरियांच्या मुंबईत 1911 मध्ये मोटार टॅक्सी आली. स्वातंत्र्यानंतर काळा-पिवळा रंग रुळला आणि बुटकी, चपळ फियाट (पुढे हीच पद्मिनी झाली) इथल्या गल्ल्यांना मानवली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस शहरात साठ हजारांवर काळ्या-पिवळ्या टॅक्सी होत्या. पद्मिनी गेली त्या सुमारास हा आकडा चाळीस हजारांच्या आसपास होता.

जुना मीटर ज्यांनी पाहिला आहे त्यांना तो आठवत असेल. तो गाडीच्या बाहेर, डाव्या अंगाला बसवलेला असे. प्रवासी बसला की चालक आतून झुकून डाव्या खिडकीतून हात बाहेर काढायचा आणि मीटरचा झेंडा खाली पाडायचा. तो आवाज झाला की करार झाला. झेंडा उभा असला तर गाडी रिकामी, हे फुटपाथवरूनच कळे.

यांत्रिक मीटर उघडून दाखवणारा कारागीर आता शोधावा लागतो. मला भेटलेला कारागीर हल्ली इलेक्ट्रॉनिक मीटर दुरुस्त करतो, पण एक जुना मीटर त्यानं दुकानाच्या फळीवर ठेवला आहे. त्यानं झाकण काढलं आणि बोटानं एकेक चक्र फिरवून दाखवलं. गाडी चालली की तिच्या चालीबरोबर एक केबल फिरते. केबलीमुळे दातेरी चक्रं फिरतात. ठरावीक फेरे झाले की आकडा एक घर पुढे सरकतो. इथपर्यंत कुणालाही समजेल. खरी करामत गाडी थांबल्यावर सुरू होते. चाक थांबलं म्हणजे अंतर थांबलं, पण चालकाचा वेळ चालूच असतो. म्हणून आत एक घड्याळही असतं. गाडी एका ठरावीक वेगाच्या खाली आली की आकडा ढकलण्याचं काम चाकाकडून घड्याळाकडे जातं आणि वेग वाढला की पुन्हा चाकाकडे येतं. दोघांपैकी जो पुढे, त्याचं चालतं. सायनच्या सिग्नलला अडकलेल्या चालकाचे पैसे बुडू नयेत आणि मोकळ्या रस्त्यावर प्रवाशाला वेळेचा भुर्दंड बसू नये, असा न्याय मूठभर चक्रांत बसवला आहे. मी तो मीटर बराच वेळ हातात धरून होतो.

कारागिराचा जीव मात्र मीटरच्या सीलमध्ये होता. पेटीच्या स्क्रूमधून तार ओवायची, तिच्या टोकांवर शिशाची गोळी दाबायची आणि त्यावर तपासणाऱ्याचा शिक्का उमटवायचा. आता पेटी उघडायची तर गोळी तोडावी लागणार आणि ते दिसणार. ‘फास्ट मीटर’ करणारे होतेच, मुंबईकरांनी ते भोगलं आहे. पण लबाडी झाली की तिची खूण मागे राहावी, अशी सोय त्या गोळीत होती.

पुढे दर इतक्या वेळा वाढले की यांत्रिक मीटरला त्यांच्याबरोबर धावणं जमेना. मीटर एक लहान आकडा दाखवायचा आणि खरं भाडं टेरिफ कार्डावर बघायचं. उतरताना प्रवासी आणि चालक दोघंही त्या मळक्या कार्डावर वाकलेले असत. 2012 च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक मीटर सक्तीचे झाले, तेव्हा थेट रुपयांतला आकडा समोर आला. केबलीची जागा सेन्सरच्या ठोक्यांनी घेतली. किलोमीटरमागे किती ठोके, हे मीटरला शिकवावं लागतं. टायर झिजला तर त्याचा घेर कमी होतो, तेवढ्याच अंतराला चाक जास्त फेरे घेतं आणि मीटर पुढे पळतो. म्हणून मोजलेल्या अंतरावर गाडी चालवून मीटर तपासायचा आणि मग सील करायचा. यंत्र नवं आलं तरी गोळीमागचा विचार तोच राहिला.

दर ठरवण्याचीही एक रीत आहे. मुंबई महानगर प्रदेश परिवहन प्राधिकरण दर ठरवतं. त्यामागे आधी हकीम समितीचं, नंतर खटुआ समितीचं सूत्र. गाडीची किंमत, इंधन, विमा, दुरुस्ती, महागाई या सगळ्याचा हिशेब त्यात येतो. 1 फेब्रुवारी 2025 पासून काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं पहिल्या दीड किलोमीटरचं भाडं 28 वरून 31 रुपये झालं आणि पुढचा दर किलोमीटरला 20.66 रुपये. 20.66 ला दीडनं गुणा, जवळपास 31 येतात. कुणीही घरबसल्या पडताळून पाहावा असा हा दर आहे. चालकाला तो कमी वाटेल, प्रवाशाला जास्त वाटेल, पण दोघांना माहीत असतो आणि दोघांना सारखाच लागू असतो.

मग हा भरवसा उडाला कसा? पहिला घाव टॅक्सीवाल्यांनीच घातला, हे लिहिलंच पाहिजे. जवळचं भाडं नाकारायचं, पावसात मीटर न टाकता मनाला येईल ती रक्कम सांगायची, रात्री स्टेशनबाहेर अडवून धरायचं. भाडं नाकारणं मोटार वाहन कायद्यानं गुन्हा आहे, तरी नाक्यानाक्यावर तो रोज घडत राहिला. ज्या बाईला रात्री साडेअकराला दादरहून तीन टॅक्सीवाल्यांनी ‘नाही’ म्हटलं, तिनं पुढे फोनवर गाडी बोलावली तर तिला दोष देता येत नाही. घरापाशी गाडी, चालकाचं नाव, भाड्याचा आकडा आधीच समोर. ओला-उबरनं पहिल्या वर्षांत शहराला खरोखरच सुख दिलं.

पण त्या सुखात मीटर गेला. अॅपच्या पडद्यावर रक्कम दिसते, ती कशी झाली हे दिसत नाही. त्याच अंतराला सकाळी एक आकडा, पाऊस आला की दुसरा. अशा मीटरला गोळी मारायची कुठे? तो तपासायला कुठल्या रस्त्यावर न्यायचा? चालकाचीही तीच गत. प्रवाशानं दिलेल्या पैशांतले किती आपल्या हाती येणार, हे त्याला कळतं ते हिशेब खात्यात उतरल्यावर. कर्ज काढून गाडी घेतलेल्या माणसाला महिन्याचा हप्ता ठरलेला आणि किलोमीटरचा दर न ठरलेला, हे फार वाईट गणित आहे. काळ्या-पिवळीच्या चालकांकडेही बोलण्यासारखं सुखाचं फारसं नाही. सीएनजीच्या रांगेत वेळ जातो, स्टँडवर मेट्रोच्या खांबांनी जागा खाल्ली, आणि मुलानं हा धंदा करू नये असं बहुतेकांना वाटतं.

2025 च्या जुलैत मुंबईतल्या अॅपच्या चालकांनी संप केला, आझाद मैदानात आंदोलन केलं. त्यांच्या मागण्यांत काळ्या-पिवळीइतका दर ही मुख्य होती. पुढे काही चालक प्रवाशांकडून अॅपच्या आकड्याऐवजी सरकारी दरानं भाडं मागू लागले आणि त्यावरून गाडीतच वाद होऊ लागले. ज्या मीटरला जुनाट म्हणून बाजूला सारलं, तोच मागायला फोनवर धंदा करणारे चालक रस्त्यावर उतरले, याकडे कुणीतरी नीट बघायला हवं होतं.

राज्य सरकारनं 2025 मध्ये अॅप कंपन्यांसाठी धोरण जाहीर केलं. मागणी वाढली तरी भाडं मूळ दराच्या दीडपटीपुढे न्यायचं नाही आणि भाड्यातले किमान 80 टक्के चालकाला द्यायचे, अशी त्यात तरतूद आहे. धोरण चांगलं आहे. माझी काळजी अंमलबजावणीची आहे. गोव्यात उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर टॅक्सींना डिजिटल मीटर बसवले गेले. तरी तिथला पर्यटक आजही भाडं ठरवूनच गाडीत बसतो. मीटर असणं आणि तो चालणं यांत सरकारी तपासनीस उभा असावा लागतो. काळ्या-पिवळीचा मीटर तपासायला माणूस आहे, मोजलेला रस्ता आहे, शिक्का आहे. कंपनीच्या सर्व्हरमधला हिशेब तपासायला यांतलं काय आहे?

माझं मागणं साधं आहे. अॅपच्या प्रत्येक पावतीवर अंतर, वेळ, किलोमीटरचा सरकारी दर, वाढीव आकारणी आणि चालकाच्या हाती पडलेली रक्कम वेगवेगळी छापलेली असावी, प्रवाशाला आणि चालकाला एकच पावती दिसावी, आणि त्या हिशेबाची अचानक तपासणी करण्याचे अधिकार आरटीओला असावेत. काळ्या-पिवळीच्या संघटनांनी भाडं नाकारणाऱ्या आपल्या सभासदाची पाठराखण थांबवावी. आणि वाचकहो, पुढच्या वेळी टॅक्सीत बसाल तेव्हा ‘किती घेणार?’ असं विचारू नका. मीटर टाकायला सांगा, आणि जो दर होईल तो पूर्ण द्या.