खिशातली किल्ली कुणाला उत्तर देते?

दुचाकीची किल्ली कुलूप उघडते, हे तिचे काम सगळ्यांना दिसते. तिचे आणखी एक काम आहे, ते सहसा लक्षात येत नाही. खोबणीत किल्ली घालून ती फिरवणे ही मालकाने स्वतःच्या हाताने केलेली कृती असते. गाडी आत्ता सुरू करायची आहे, हा त्याचा निर्णय त्या मनगटाच्या हालचालीतून गाडीपर्यंत पोचतो. खिशातून बाहेर न काढता चालणाऱ्या स्मार्ट किल्लीने हे दुसरे काम सोडून दिले आहे. गाडीवरचा नॉब किंवा बटण कुणीही फिरवू-दाबू शकतो. तसे झाले की गाडी एवढेच तपासते, की ओळखीची किल्ली जवळपास आहे का. कावासाकीने 2007 मध्ये 1400 जीटीआर या लांब पल्ल्याच्या मोटारसायकलीवर ही सोय दिली, तेव्हा ती मोजक्या हौशी लोकांपुरती होती. आपल्याकडे 2020 मध्ये बजाजची विजेवरची चेतक आली आणि जानेवारी 2023 मध्ये होंडाची अ‍ॅक्टिव्हा एच-स्मार्ट आली, तेव्हा ती बाजारहाटाच्या, शाळेत मुलांना सोडण्याच्या गाडीवर पोचली. म्हणून तिच्याकडे नीट पाहायला हवे. माझे म्हणणे असे, की या किल्लीच्या नावाखाली दोन निराळ्या वस्तू एकाच पुडीत बांधून विकल्या जातात: चोरीपासून संरक्षण, आणि किल्ली बाहेर न काढण्याची सोय. संरक्षण खरे आहे, पण ते त्या सोयीतून येत नाही. उलट सोय त्यातला थोडा भाग कापून घेते.

आधी संरक्षणाचे पाहू, कारण त्याचे श्रेय मोकळेपणाने द्यायला हवे. साध्या गाडीचे हँडल लॉक जोर लावून तोडता येते आणि मग वायरी जोडून गाडी डायरेक्ट करता येते. इमोबिलायझर असेल तर हा मार्ग बंद होतो. किल्लीतली चिप आणि गाडीतले नियंत्रक यांच्यात सांकेतिक सवाल-जवाब होतो, आणि जवाब बरोबर आल्याशिवाय इंजिनाला ठिणगी किंवा इंधन मिळत नाही. वायरी कितीही जोडल्या तरी इंजिन मुकेच राहते. नेदरलँड्समध्ये 1998 पासून प्रत्येक नव्या मोटारीत इमोबिलायझर सक्तीचा झाला. यान फान आउर्स आणि बेन फोलार्ड या अर्थतज्ज्ञांनी तिथल्या 1995 ते 2008 या काळातल्या चोऱ्यांचा अभ्यास केला. चोर नव्या मोटारी सोडून जुन्यांकडे वळले असतील हेही हिशेबात धरले, तरी एकूण मोटारचोरी या नियमामुळे सुमारे 40 टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष निघाला. आता यातली महत्त्वाची गोष्ट. घट घडवणाऱ्या त्या मोटारींपैकी बहुतेकींना खोबणीत घालून फिरवायची साधी धातूची किल्लीच होती. चिप तिच्या प्लॅस्टिकच्या मुठीत बसवलेली असे, आणि तिला सेलसुद्धा लागत नसे. खोबणीभोवतीच्या वेटोळ्यातूनच तिला क्षणभरापुरती वीज मिळे.

उलट बाजूचा पुरावा अमेरिकेतला आहे. तिथे 2011 नंतरच्या दशकात विकल्या गेलेल्या किया आणि ह्युंदाईच्या अनेक मोटारींत इमोबिलायझर नव्हता. 2022 मध्ये समाजमाध्यमांवर त्या पळवण्याची युक्ती पसरली आणि यूएसबी वायरच्या टोकाने खोबण फिरवून पोरेटोरे मोटारी नेऊ लागली. फटका बसला तो किल्ली फिरवायच्या स्वस्त आवृत्त्यांना. बटण दाबून सुरू होणाऱ्या महाग आवृत्त्यांत इमोबिलायझर होता, त्या या युक्तीतून वाचल्या. आपल्या दुचाकींच्या बाजारात आज हीच विभागणी दिसते. साध्या किल्लीच्या बहुतेक स्कूटरींत आणि रोजच्या वापराच्या मोटारसायकलींत इमोबिलायझर नसतो. तो हवा असेल तर स्मार्ट किल्लीची महाग आवृत्ती घ्या, असा व्यवहार आहे. संरक्षण हवे असणाऱ्याला सोयही विकत घ्यावी लागते.

आणि ती सोय नेमकी कशावर उभी आहे? नॉब दाबला की गाडी सुमारे 125 किलोहर्ट्झच्या कमी वारंवारतेवर एक हाक देते. हे चुंबकीय क्षेत्र अंतर वाढले की फार झपाट्याने विरते: अंतर दुप्पट झाले तर त्याची ताकद आठव्या हिश्श्यावर येते. म्हणून हाक दीड-दोन मीटरच्या पलीकडे ऐकू जात नाही, असे गृहीत धरलेले असते. किल्ली ती हाक ऐकून जागी होते आणि बऱ्याच गाड्यांत 433 मेगाहर्ट्झच्या आसपास सांकेतिक उत्तर पाठवते. उत्तर दरवेळी निराळे असते, त्यामुळे ते चोरून ऐकून पुन्हा वाजवण्यात अर्थ नसतो. इथवर सगळे भक्कम आहे. कच्चा दुवा एकच आहे. या सगळ्या संवादात अंतर कुणी मोजतच नाही. हाक ऐकू आली म्हणजे किल्ली जवळ आहे, असे फक्त मानले जाते. झुरिकच्या ईटीएच या संस्थेतले संशोधक ऑरेलियँ फ्रान्सियाँ, बोरिस दानेव्ह आणि स्रजान चापकुन यांनी 2011 मध्ये हे मानणेच तपासले. एक उपकरण मोटारीजवळ, दुसरे किल्लीजवळ ठेवून त्यांनी गाडीची हाक तिकडे आणि किल्लीचे उत्तर इकडे पोचवले. आठ उत्पादकांच्या दहा मोटारींवर प्रयोग झाला आणि दहाही फसल्या. कोणतेही कूट फोडावे लागले नाही. खरी किल्ली खऱ्या गाडीला खरेच उत्तर देत होती. फक्त मालकाला त्याचा पत्ता नव्हता. आपल्या घरांत किल्ल्या दाराजवळच्या खुंटीवर टांगलेल्या असतात आणि गाडी खाली जिन्यापाशी किंवा फाटकाजवळ उभी असते. या प्रकाराला याहून सोयीची मांडणी कोणती असणार?

यावर पहिला आक्षेप येईल, की आपल्याकडचे दुचाकीचोर असली उपकरणे घेऊन फिरत नाहीत; ते हँडल लॉक तोडतात, नाहीतर गाडी उचलून टेम्पोत टाकतात. आक्षेप रास्त आहे. आजच्या घडीला स्मार्ट किल्लीची स्कूटर चिप नसलेल्या साध्या स्कूटरपेक्षा सुरक्षित आहे, असे मीही म्हणेन. पण तिची तुलना चिप असलेल्या साध्या किल्लीच्या स्कूटरशी व्हायला हवी, आणि ती बाजारात सहजी मिळत नाही म्हणून तुलनाच होत नाही. शिवाय गाडी सात-आठ वर्षे वापरली जाते. युरोपात मोटारींचे चोरही एकेकाळी खिडकीच्या काचाच फोडत होते. इमोबिलायझरने तो मार्ग अडवला, तेव्हा ते पुढचा मार्ग शिकले.

दुसरा आक्षेप सोयीचा, आणि तो मला हलका वाटत नाही. संधिवाताने आखडलेल्या बोटांना किल्ली फिरवणे जड जाते. पावसाळ्यात रेनकोटच्या आत हात घालून किल्ली काढणे त्रासाचे असते, आणि गंजलेली खोबण किती छळते हे कोकणात वेगळे सांगायला नको. हे सगळे मान्य. मात्र सोयीच्या पलीकडचे जगणेही सांगायला हवे. किल्लीतला सीआर 2032 हा नाण्याएवढा सेल सुमारे 220 मिलीअँपिअर-तासांचा असतो. हाक ऐकण्यासाठी किल्ली अखंड कान लावून असते. त्यासाठी समजा पाच मायक्रोअँपिअर लागत असतील, तर नुसत्या ऐकण्यात तो पाच वर्षे पुरावा. पण प्रत्येक उत्तराचा खर्च त्याच्या हजारो पट असतो, आणि जुना सेल त्या झटक्यात व्होल्टेज टिकवू शकत नाही. म्हणून कालपर्यंत ठीक असलेली किल्ली आज अचानक गप्प होते. हार्ले-डेव्हिडसनच्या मोटारसायकलींत अशा वेळी पाच आकडी संकेत भरून गाडी सुरू करता येते. प्रत्येक गाडीची अशी काही आडवाट असते. ती माहितीपुस्तिकेत लिहिलेली असते आणि पुस्तिका सीटखाली, जी किल्लीशिवाय उघडत नाही. काढलेला जुना सेलही कुठेतरी ठेवून चालत नाही: लहान मुलाने तो गिळला तर अन्ननलिका दोन तासांतही गंभीर भाजू शकते.

दुचाकीची आणखी एक स्वतंत्र अडचण आहे. किल्ली मागे बसलेल्या बायकोच्या पर्समध्ये आहे, नवरा तिला स्टेशनवर सोडून तसाच पुढे जातो. इंजिन चालूच राहते आणि ते योग्यही आहे. भर रहदारीत किल्ली हरवली म्हणून इंजिन बंद पडणे कितीतरी अधिक धोक्याचे. डॅशबोर्डवर सूचना उमटली तरी उन्हात ती दिसेलच असे नाही. कचेरीपाशी गाडी बंद केली की ती पुन्हा सुरू होत नाही. खोबणीतली किल्ली अशी दुसऱ्याच्या पर्समध्ये राहून जाऊ शकत नव्हती.

दुरुस्ती अवघड नाही. प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे 30 सेंटिमीटर जातो. हाक आणि उत्तर यांच्यातला वेळ इतक्या बारकाईने मोजणारे अल्ट्रा-वाइडबँड तंत्र 2020 च्या 802.15.4 झेड या मानकात आले आहे. मधल्या उपकरणाला वेळ लागतोच, आणि तो लपवता येत नाही. महाग मोटारींत ते बसू लागले आहे. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे किल्लीत हालचाल ओळखणारा संवेदक: खुंटीवर काही मिनिटे निश्चल लटकलेली किल्ली झोपी जाते आणि कुणाच्याच हाकेला ओ देत नाही. सगळ्यात साधा उपाय होंडाच्या पीसीएक्ससारख्या स्कूटरींच्या किल्लीवर आधीपासून आहे: किल्लीच बंद करण्याचे बटण. रात्री ते दाबले की मनगटाच्या हालचालीतून मिळणारा होकार परत मालकाच्या हाती येतो. बटण नसेल तर घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा चालतो का, ते करून पाहावे. किल्ली डब्यात घालून तो गाडीला टेकवायचा आणि नॉब दाबायचा. गाडी उठली तर दुसरा डबा घ्यायचा. दुसरी किल्ली मात्र सेल काढून कपाटात ठेवावी. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही किल्ल्या मागते.

राहिली ती पुडी सोडवण्याची गोष्ट. सेल न लागणारी चिप साध्या किल्लीच्या मुठीत बसवण्याचे तंत्र तीसेक वर्षे जुने आहे. ज्याला खिशातली किल्ली हवी त्याने ती जरूर घ्यावी, पण सर्वांत स्वस्त स्कूटर घेणाऱ्या माणसाची गाडी डायरेक्ट करता येऊ नये, एवढे संरक्षण त्याला जास्तीचे पैसे न मोजता मिळाले पाहिजे. त्याच्यासाठी ती स्कूटर बहुधा घरातली सर्वांत महाग वस्तू असते.