हाडांची घनता कोणाच्या मापाने मोजायची?

ऑस्टिओपोरोसिसमध्ये हाडे आतून विरळ होत जातात, पण हाड मोडेपर्यंत बहुधा काहीच दुखत नाही. म्हणून घनता मोजावी लागते. त्यासाठीचे डेक्सा यंत्र १९८७ च्या सुमारास आले. दोन वेगळ्या ऊर्जेचे क्ष-किरण खुब्यातून आणि कमरेच्या मणक्यांतून जातात. हाड व मांस ते कमी-अधिक शोषतात, त्यावरून हाडातले खनिज कळते. निरोगी तरुणींच्या सरासरीशी हा आकडा ताडला की टी-स्कोअर मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये उणे २.५ ही सीमा ठरवली.

खरा प्रश्न या सरासरीचा आहे. खुब्यासाठी सर्रास वापरली जाणारी सरासरी अमेरिकेतील गोऱ्या तरुणींची आहे. परभणी जिल्ह्यातल्या पोखर्णीतील एखाद्या ठेंगण्या बाईला तीच लावली, तर निकाल सहज चुकतो. डेक्साला हाडाची रुंदी दिसते, जाडी दिसत नाही. त्यामुळे लहान हाड असते त्याहून विरळ भासते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१० मध्ये भारतीय प्रमाणे मांडली, पुण्याच्या हिराबाई कावसजी जहांगीर संशोधन संस्थेने मुलांसाठी ती तयार केली. मात्र देशी प्रमाण लावल्याने रुग्णांची संख्या घटते म्हणून निर्धास्त होणे धोक्याचे आहे. भारतात खुबा पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी वयात मोडतो.

उलट चूकही होते. म्हातारपणी मणक्यांना वाढलेली हाडे आकडा फुगवतात. नांदेड-यवतमाळच्या काही गावांत पाण्यातले फ्लोराइड हाड दाट दाखवते, पण ते ठिसूळच असते. म्हणून आता त्याच यंत्रावर मणक्यांची बाजूने प्रतिमा घेऊन दबलेला मणका शोधतात. हाडाची आतली वीण किती शाबूत आहे, हे ट्रॅबेक्युलर बोन स्कोअर सांगतो. फेरतपासणी शक्यतो त्याच यंत्रावर करावी, नाहीतर यंत्रांतला फरक हाडातला बदल वाटतो.

जिथे डेक्सा नाही, तिथे शिबिरांत टाचेची अल्ट्रासाउंड चाचणी होते. तिला उणे २.५ ची सीमा लागू नाही. तेवढ्यावर औषध सुरू करू नये. त्यापेक्षा २००८ मध्ये शेफील्ड विद्यापीठात तयार झालेले फ्रॅक्स गणित उपयोगी पडते. वय, वजन, पूर्वीचे फ्रॅक्चर, आईवडिलांचा मोडलेला खुबा, स्टिरॉइड, तंबाखूचे धूम्रपान अशा गोष्टींवरून ते यंत्राशिवायही पुढच्या दहा वर्षांतला धोका सांगते. धोका जास्त निघाला, तर डेक्सासाठी शहरात पाठवता येते. साध्या पडण्याने खुबा किंवा मणका आधीच मोडला असेल, तर टी-स्कोअर चांगला असला तरी निदान ऑस्टिओपोरोसिसचेच धरतात.