चपलांचा जोड आणि प्रकाशकण

२०२२ सालचे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक आलँ आस्पे, जॉन क्लाउजर व आन्टोन झायलिंगर यांना जाहीर झाले, तेव्हा वाणिज्य शाखेच्या एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, दूरदूरचे दोन कण एकमेकांत 'गुंतलेले' असतात, म्हणजे काय?" मी अर्थशास्त्र शिकवितो. तरीही उत्तर दिले: चपलांच्या जोडातील एक चप्पल बंद पेटीतून पुण्यास पाठवा, दुसरी नागपुरास. पुण्यात डावी निघाली की नागपुरास उजवी आहे, हे तत्क्षणी कळते. विद्यार्थ्याचे समाधान झाले. उत्तर मात्र चुकीचे होते.

ते चुकीचे का, हे जॉन बेल या शास्त्रज्ञाने १९८१ मध्येच एका निबंधात सांगून ठेवले आहे. बर्टलमान नावाचे त्याचे सहकारी दोन पायांत दोन रंगांचे मोजे घालीत. एक गुलाबी दिसला की दुसरा गुलाबी नाही, हे न पाहताच समजे. बेलने हे घरगुती उदाहरण घेतले ते कण तसे नसतात हे दाखविण्यासाठी. मोज्याचा रंग सकाळीच ठरलेला असतो. कणांचे उत्तर तसे आधी ठरलेले असते काय, हे प्रयोगाने तपासण्याची वाट त्याने १९६४ मध्येच दाखविली होती.

त्यातील गणित सामान्य वाचकाच्या आवाक्याबाहेरचे आहे, ही समजूत निराधार आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे डेव्हिड मर्मिन यांनी ते केवळ मोजणीवर आणून ठेवले. त्यांच्या युक्तीला मी परीक्षेचा वेष देतो. दोन परीक्षार्थी दोन खोल्यांत बसले आहेत. प्रश्न तीनच, उत्तर 'होय' किंवा 'नाही'. चिठ्ठी टाकून प्रत्येकाला त्यांतला एक प्रश्न विचारायचा. दोघांना एकच प्रश्न आला की उत्तरे दर वेळी जुळतात. कोणताही पर्यवेक्षक म्हणेल, हे तिन्ही उत्तरे ठरवूनच आले आहेत. ठीक. पण प्रश्न तीन आणि उत्तरे दोनच प्रकारची, तेव्हा निदान दोन प्रश्नांची उत्तरे सारखी असणारच. म्हणून दोघांना वेगवेगळे प्रश्न आले, तरी शंभरांत सरासरी ३३ वेळा तरी उत्तरे जुळलीच पाहिजेत. क्वांटम सिद्धांत सांगतो, २५ वेळा जुळतील!

दोन खोल्यांत गुप्त दळणवळण नाही असे धरले, तर 'ठरवून आले' हा आरोप येथे कोसळतो. प्रत्यक्ष प्रयोगांची मांडणी निराळी असते. पण १९७२ मध्ये क्लाउजर व फ्रीडमन यांनी, १९८२ मध्ये आस्पे यांनी आणि २०१५ मध्ये अधिक कडेकोट व्यवस्थेत इतरांनी जे मोजले, ते सिद्धांताच्याच बाजूचे निघाले.

मग संदेश प्रकाशाहून वेगाने धाडता येईल काय? नाही. एका खोलीतील उत्तरपत्रिका एकटीच पाहिली, तर ती नाणेफेकीसारखी दिसते. पलीकडे कोणता प्रश्न विचारला गेला याची खूणही तिच्यात नसते. मेळ दिसतो तो दोन्ही उत्तरपत्रिका शेजारी ठेवल्यावर. 'आइनस्टाइन खोटा ठरला' या थाटाचे मथळे हेच वाक्य गाळतात.

अर्थशास्त्राच्या माणसाने यात का पडावे? एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय क्वांटम मोहिमेस ६,००३ कोटी ६५ लाख रुपये मंजूर केले. गणकयंत्रे, संदेशवहन, सूक्ष्म मापन व नवी द्रव्ये यांवर ते २०३०-३१ पर्यंत खर्चावयाचे आहेत. पैसा करदात्याचा आहे. त्याला चमत्काराच्या कथा सांगणे किंवा 'हे तुमच्या डोक्यावरून जाईल' म्हणून वाटेला लावणे, दोन्ही हिशेब चुकविण्याचेच प्रकार होत. आमची जमातही यात निर्दोष नाही. महागाईचा निर्देशांक समजावताना आम्ही वस्तूंची एक टोपली दाखवितो. तशी टोपली नेमकी कोणत्याच घरात येत नाही, हे सांगायचे विसरतो. उपमा देणे सोपे असते. ती कोठे तुटते हे सांगावयास विषय आधी स्वतःला कळावा लागतो, आणि चपलांच्या बाबतीत तो मला कळला नव्हता.

परीक्षेचे हे उदाहरण आता मी वर्गात फळ्यावर मांडतो. पाऊण तास लागतो. तो विद्यार्थी मात्र तोवर पदवी घेऊन गेला होता. त्याच्याजवळ अजून चपलांचाच जोड आहे.